खाण आपली म्हणून दागिनाही आपला?

१९ ऑक्टोबर २०२५ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दिवसाढवळ्या चोरी झाली. अपोलो दालनातले आठ राजदागिने गेले. तेव्हापासून एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चोराच्या घरी चोरी झाली, कारण हे हिरे गोवळकोंड्यातून लुटलेले होते. खाण ज्याची, दागिना त्याचा. मीनाकारी फ्रेंचांनी आपल्याकडून उचलली, नंतर पॅरिसच्या कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीने आपल्या महाराजांच्या पेट्या उघडून पाहिल्या आणि नमुने पळवले. हे सगळं वजा केलं तर फ्रेंच दागिन्यांत उरते ती फक्त किंमत. कला म्हणावं असं त्यांच्यापाशी काही नाही.

आपल्या कारागिरांबद्दलचा अभिमान या मजकुरामागे आहे आणि तो मलाही आहे. म्हणूनच याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं. यातला एकही मुद्दा जसा मांडलाय तसा टिकत नाही, आणि या भानगडीत आपल्या कारागिरांचं खरं श्रेयही झाकलं जातं.

आधी लुटीचं पाहू. फ्रेंच राजखजिन्यातले सतराव्या शतकातले मोठे हिरे भारतातले, याबद्दल वाद नाही. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः भारतच होता. कृष्णाकाठची कोल्लूरची खाण कुतुबशाहीकडे होती आणि तिथे देशोदेशींचे व्यापारी माल घ्यायला येत. झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये त्यांतलाच एक. त्याने १६६८च्या सुमारास चौदाव्या लुईला हजाराहून जास्त हिरे विकले. त्यात तो प्रसिद्ध निळा हिरा होता, ज्याच्यापासून पुढे होप हिरा निघाला. मूर्तीच्या डोळ्यातून त्याने हिरा उपटला आणि मग त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्लं, ही गोष्ट होप हिऱ्याच्या शापाबरोबर विसाव्या शतकात जगभर झाली. खुद्द ताव्हेर्नियेला राजाने सरदारकी दिली, आणि तो ऐंशी ओलांडून १६८९मध्ये मॉस्कोत वारला.

लूव्रमधला रीजंट हिरा घ्या. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याने तो १७०१मध्ये जमचंद नावाच्या भारतीय व्यापाऱ्याकडून विकत घेतला, लंडनमध्ये त्याला पैलू पाडून घेतले आणि १७१७मध्ये फ्रान्सचा राजप्रतिनिधी फिलिप द ऑर्लेआँ याला विकला. खाणीतल्या एका गुलामाने तो पायाच्या जखमेत लपवून पळवला आणि जहाजाच्या कप्तानाने त्याचा खून केला, अशी दंतकथा आहे. ती खरी धरली तरी लुबाडला गेला तो एक गरीब मजूर, आणि लुबाडणारा फ्रेंच राजा नव्हे. शिवाय रीजंट या चोरीत गेलेलाच नाही.

मग गेलं काय? नेपोलियनची दुसरी बायको मारी-लुईज हिचा पाचूंचा हार आणि कर्णफुलं, मारी-आमेली आणि ऑर्तांस या राण्यांच्या नीलमसंचातले तीन दागिने, आणि सम्राज्ञी युजेनीचे तीन: मोत्यांचा टियारा, हिऱ्यांची गाठ असलेला मोठा ब्रोच आणि आणखी एक ब्रोच. या शेवटच्या ब्रोचमध्ये कार्डिनल माझारँने चौदाव्या लुईला मृत्युपत्राने दिलेले दोन हिरे होते. माझारँ १६६१मध्ये गेला, म्हणजे ते दोन हिरे भारतातलेच असणार. ही गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आठ दागिन्यांच्या डोक्यावर लुटीचा शिक्का मारायला दोन हिरे पुरत नाहीत, आणि तेही लुटलेले असल्याचा काही पुरावा नाही.

आता खाण ज्याची दागिना त्याचा, हा नियम. हा आपल्याच अंगणात लावून बघा. मुघलांच्या ज्या कोरीव पाचूंचा आपण अभिमान बाळगतो, ज्यांवर फुलं आणि कुराणातल्या आयती कोरल्या आहेत, ते पाचू भारतातल्या खाणीतले नाहीत. स्पॅनिश लोकांनी ते कोलंबियात मुझोच्या खाणीतून काढले, आणि त्यांतले कितीतरी पोर्तुगीजांच्या गोव्यातून दख्खनच्या आणि मुघलांच्या दरबारांत पोचले. आपल्या नथीतला बसरा मोती पर्शियन आखातातला. पोवळं भूमध्य समुद्रातून येत असे. या नियमाने शिरपेच कोलंबियाचा ठरेल, नथ आखाताची आणि पोवळ्याची माळ इटलीची. असं कुणी म्हणालं तर आपल्याला राग येईल आणि तो योग्यच असेल. नथीचा तो बाक आणि एक मोती मोठा, बाकीचे लहान ही मांडणी आपल्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. मग हाच न्याय पॅरिसच्या सोनाराला का नको?

निळ्या हिऱ्याचं पुढे काय झालं ते इथे सांगण्याजोगं आहे, कारण दगड आणि दागिना यांतलं अंतर त्यात स्वच्छ दिसतं. ताव्हेर्नियेने आणला तेव्हा तो जुन्या फ्रेंच मापाने ११२ कॅरटांच्या वर होता. १६७३मध्ये राजाचा जवाहिऱ्या झाँ पितो याने तो नव्याने घासला आणि ६७ कॅरटांवर आणला. राजाच्या मालकीच्या हिऱ्यातले पंचेचाळीस कॅरट त्याने धूळ करून टाकले! भारतीय पैलूकार दगडाचं वजन आणि त्याचा मूळ घाट जपत. तो अडाणीपणा नव्हता. मोठा, सखोल रंगाचा दगड हेच त्यांच्या दृष्टीने सौंदर्य होतं. व्हर्सायच्या मेणबत्त्यांच्या उजेडात राजाला हवा होता तो आतून उसळणारा प्रकाश. दोन वेगळ्या आवडी, दोन वेगळ्या विद्या. एकीवरून दुसरी चोरल्याचं कसं म्हणणार?

१७४९मध्ये पंधराव्या लुईने हाच हिरा ‘सोनेरी लोकर’ या मानचिन्हात बसवून घेतला. काम जाकमँ या जवाहिऱ्याचं. त्यात ब्रिटनीच्या ॲन राणीकडून घराण्यात आलेला एक लाल स्पिनेल, म्हणजे माणकासारखा दिसणारा खडा, होता. रत्नांवर कोरीवकाम करणाऱ्या जाक ग्वेने त्या स्पिनेलचा वळसे घेतलेला ड्रॅगन कोरला. १७९२च्या सप्टेंबरमध्ये, क्रांतीच्या धुमाळीत, राजखजिना फोडला गेला आणि मानचिन्हाची मोडतोड झाली. निळा हिरा पुन्हा कापला गेला, त्याची ओळखच पुसली. ड्रॅगन मात्र परत मिळाला. दगड म्हणून तो निळ्या हिऱ्याच्या जवळपासही नव्हता, पण त्याच्यावर ग्वेचा हात फिरलेला होता आणि तो पाहताक्षणी ओळखू येतो.

मीनाकारीबद्दल बोलताना कालक्रम बघितला की बरेच प्रश्न सुटतात. लिमोज शहरात बाराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यात खोबण्या कोरून त्यात रंगीत काच भाजण्याचं काम जोरात होतं. तिथल्या पेट्या युरोपभर जात. १६३०च्या सुमारास शातोदँ गावच्या झाँ तुतँने सोन्यावर मीनाच्या रंगांनी चित्र रंगवण्याची रीत पुढे आणली. घड्याळांच्या डब्यांवर बोटाएवढ्या जागेत अख्खं निसर्गचित्र मावू लागलं. आपल्याकडे मुघल दरबारात मीनाकाम बहरलं ते सोळाव्या-सतराव्या शतकांत, आणि त्याला युरोपातून, विशेषतः गोव्यामार्गे, आलेल्या दागिन्यांची चालना होती असं बरेच अभ्यासक मानतात. जहांगीराच्या पदरी तर ओग्युस्तँ नावाचा बोर्दोचा एक फ्रेंच जवाहिऱ्या नोकरीला होता. त्याचं काम पाहून बादशहाने त्याला ‘हुनरमंद’ हा किताब दिला.

याचा अर्थ जयपूरची मीनाकारी फ्रेंचांची नक्कल आहे, असा मुळीच नाही. आपल्या कारागिरांनी ती कुंदनाशी जोडली. शुद्ध सोन्याची पट्टी दाबून खडा बसवायचा, खाली चकचकीत पत्रा द्यायचा आणि दागिन्याच्या मागच्या बाजूला, जी अंगाला लागते आणि कुणाला दिसतही नाही, तिथे मीनाची पानं-फुलं भरायची. हा मेळ खास आपल्या कारागिरांचा. विद्या आली कुठून, एवढंच विचारत बसलं तर हे मोठेपण हातातून निसटतं. फ्रेंचांच्या बाबतीतही तेच. १८६०च्या दशकात जपानी वस्तू पाहून पॅरिसच्या आलेक्सी फालीझ या सोनाराने सोन्याच्या तारेची घरं करून मीना भरायला सुरुवात केली. ते ऋण जपानचं होतं आणि त्याच्या पेंडंटवरची जपानी फुलं, पाखरं ते उघड सांगतात.

आता कार्तिये. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

जाक कार्तिये १९११च्या दिल्ली दरबाराच्या वेळी भारतात आला. जयपूरसारख्या ठिकाणच्या कारागिरांनी पानं, फुलं, फळं यांच्या घाटात कोरलेले पाचू, माणिक, नीलम कार्तियेने मोठ्या प्रमाणात विकत घेतले आणि पॅरिसमध्ये प्लॅटिनम आणि हिऱ्यांच्या जोडीने बसवले. ‘तुत्ती फ्रुत्ती’ हे नाव त्या शैलीला बऱ्याच नंतर चिकटलं. १९३६मध्ये डेझी फेलोज या श्रीमंत बाईंसाठी केलेला ‘हिंदू हार’ हा तिचा कळस. मूळ रूपात तो मागे रेशमी गोफाने बांधायचा होता, आपल्याकडचे हार बांधतात तसा. इथे भारताचं ऋण स्पष्ट आहे आणि ते मोठं आहे. कार्तियेच्या आराखडाकारांची नावं इतिहासात आली. ते पाचू कोरणाऱ्या हातांची नावं आली नाहीत. तक्रार करायची तर ही करावी. ती खरी आहे.

पण मजकुरात आहे ती महाराजांना फसवून नमुने पळवल्याची गोष्ट. प्रत्यक्षात संस्थानिक स्वतः पॅरिसला जात होते, आपल्या पेट्या घेऊन, आणि त्यांना हवं होतं ते पॅरिसच्या पद्धतीचं काम. पतियाळाच्या भूपिंदर सिंगांनी कार्तियेकडून करून घेतलेला हार १९२८मध्ये पुरा झाला. त्यात २,९३० हिरे होते आणि मधोमध २३४.६५ कॅरटांचा डी बिअर्स हिरा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला.

आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९१३मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून थेंबाच्या आकाराचे दोन हिरे घेतले, प्रत्येकी जवळजवळ ४७ कॅरटांचे. ते ‘इंदूर पेअर्स’ म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे यशवंतराव होळकरांनी पॅरिसच्याच मोबूसाँ पेढीकडून ते नव्याने जडवून घेतले. फ्रेंच चित्रकार बेर्नार बुते द मोंव्हेलने यशवंतरावांचं मराठी दरबारी पोशाखातलं चित्र काढलं, त्यात तेच हिरे त्यांच्या गळ्यात आहेत. याच राजाने इंदूरला माणिकबाग महाल त्या काळच्या अगदी नव्या युरोपीय फर्निचरने सजवला. जगात नवं काय चाललंय ते पाहून, पारखून, आपल्या घरात आणणारा हा माणूस होता. अशा राजाला लुबाडला गेलेला भोळा गिऱ्हाईक ठरवणं हा त्याचा अपमान आहे.

बडोद्याच्या महाराणी सीतादेवींचं तसंच. १९५०मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने त्यांच्यासाठी हार केला. हिऱ्या-पाचूंची कमळं आणि त्यांतून लोंबणारे तेरा थेंबाकृती पाचू. पाचू कोलंबियाचे, कमळ आपलं, जडण पॅरिसची, गळा गायकवाडांच्या राणीचा. या हाराचा एकच धनी ठरवून काय मिळवायचं?

आणि उसनवारी फक्त भारताकडून झाली असंही नाही. तिसऱ्या नेपोलियनने १८६१मध्ये इटलीतला काम्पाना संग्रह विकत घेतला, त्यातले एट्रस्कन, म्हणजे इटलीतल्या रोमपूर्व लोकांचे, सोन्याचे दागिने पॅरिसमध्ये मांडले गेले आणि सोनार त्या बारीक रव्याच्या कामाच्या मागे लागले. १९२२मध्ये तुतनखामुनची कबर उघडली आणि ब्रोचवर इजिप्त अवतरला. बाहेरचं घेऊन त्याचं आपलं करणं हे सगळ्या जिवंत कलांत चालतं, आपल्याही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला: किमतीपलीकडे कला नाही. बातम्यांत चोरीची किंमत आठ कोटी ऐंशी लाख युरो सांगितली गेली आणि चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरली. पण फ्रेंच दागिन्यांच्या इतिहासातला निम्म्याहून अधिक रस स्वस्त वस्तूंमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. झोर्झ फ्रेदेरिक स्ट्रास हा १७२४मध्ये पॅरिसला आला. त्याने शिसं असलेल्या काचेचे खडे असे घासले की हिऱ्यांसारखे चमकावेत, आणि १७३४मध्ये तो राजाचा जवाहिऱ्या झाला. काचेचे दागिने करतो हे त्याने लपवलं नाही. दरबारातल्या बायका ते उजळ माथ्याने घालत.

उलट बाजूने बघा. १८१०मध्ये नेपोलियनचा जवाहिऱ्या नितो याने मारी-लुईजच्या लग्नासाठी पाचू आणि हिऱ्यांचा टियारा घडवला. १९५३मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने तो विकत घेऊन त्यातले ७९ पाचू काढून सुटे विकले, आणि पुढे त्या जागी इराणी फिरोजे बसवले. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. पाचूंच्या जागी कितीतरी स्वस्त फिरोजे आले, तरी तो नितोचाच टियारा आहे, कारण त्या वेली आणि त्या कमानींचा तोल जागच्या जागी आहे. १८८७मध्ये फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने राजदागिन्यांचा लिलाव केला तेव्हा मात्र उलटं घडलं. युजेनीसाठी बाप्स्त या जवाहिऱ्याने केलेली करंट नावाच्या फळझुडपाच्या पानांची माळ तुकडे करून विकली गेली. हिरे जगात कुठे ना कुठे असतीलच. माळ संपली.

आणि रने लालिक. १८६०मध्ये शांपेनच्या मुलखात आई गावी जन्मला, सोळाव्या वर्षी पॅरिसला जवाहिऱ्याकडे उमेदवारीला लागला, आणि १८९०च्या दशकात त्याने दागिन्याची किंमत ठरवण्याची रीतच मोडून टाकली. त्याने गुरांच्या शिंगाचे कंगवे केले. काच, मीना, हस्तिदंत, दुधी झाक असलेले चंद्रमणी वापरले, आणि हिरा घेतलाच तर कडेला, चित्रातल्या उजेडाच्या ठिपक्यासारखा. १८९७-९८च्या सुमाराचा त्याचा ‘चतुर-स्त्री’ (चतुर म्हणजे तो पंखांचा कीटक) हा छातीवर लावायचा दागिना आता लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. रुंदी सव्वीस सेंटिमीटरच्या वर. हिरव्या क्रिसोप्रेझ दगडाची स्त्रीची मूर्ती एका चतुराच्या जबड्यातून वर आलेली आहे, की तो तिला गिळतोय, हे ठरवता येत नाही. खाली सोन्याचे मोठे नखाळ पंजे. पंख बिजागऱ्यांवर हलतात.

त्या पंखांमध्ये जे मीनाकाम आहे त्याला मागे पत्राच नसतो. सोन्याच्या तारेची घरं करायची, त्यांच्याखाली तात्पुरता पातळ पत्रा किंवा अभ्रक धरायचा, घरांत काचेची पूड भरून भट्टीत आठशे अंशांच्या आसपास भाजायचं, आणि मग खालचा आधार आम्लाने किंवा घासून काढून टाकायचा. उरते फक्त तारेवर पेललेली काच, जिच्यातून उजेड आरपार जातो. एखादं घर तडकलं की सगळी मेहनत वाया. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लालिकच्या मांडणीसमोर गर्दी लोटली होती. त्याआधीच, १८९०च्या दशकात, चित्रं आणि शिल्पं जिथे मांडली जात, त्या पॅरिसच्या वार्षिक सलोंमध्ये सोनार आणि मीनाकारही रीतसर दाखल झाले होते. दागिना ही सजावटीची कला आहे हे तिथल्या कलाजगताने असं जाहीरपणे मान्य केलं.

पुढच्या पिढीने तर सोनंही बाजूला ठेवलं. १९२५च्या सजावटी कलांच्या प्रदर्शनानंतर रेमों तांप्लिये, झाँ फुके, झेरार सांदोझ हे चांदी, लाख, एबोनाइट घेऊन यंत्रासारखे सरळ रेषांचे ब्रोच करू लागले. शार्लोत पेरियाँ ही फर्निचर घडवणारी बाई क्रोमचा मुलामा दिलेल्या गोळ्यांची माळ घालून फिरे. माणिकबागेत जी आरामखुर्ची होती ती तिनेच ल कोर्ब्युझिये यांच्याबरोबर केलेली. या माळेत कोणत्या खाणीचा माल आहे, हा प्रश्न तिथे कुणाच्या मनातही आला नसेल.

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी पॅरिसला गेल्यावर रिव्होली रस्त्यावरच्या सजावटी कलांच्या संग्रहालयातलं दागिन्यांचं दालन चुकवू नये. मध्ययुगापासून आजपर्यंतचे सुमारे बाराशे दागिने तिथे मांडले आहेत. आंरी वेव्हेर या जवाहिऱ्याने आपला संग्रह १९२४मध्ये याच संग्रहालयाला दिला. त्याच वेव्हेरने एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच दागिन्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून ठेवला आहे, आणि त्यात पेढ्यांच्या मालकांबरोबर आराखडे काढणारे, कोरणारे आणि मीना भरणारेही नावानिशी आहेत.